ब्राँकाय की राँकाय? श्वसनसंस्थेच्या शब्दांची कार्डं सहा महिने वापरून

मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचं काम धरून मला आता सहा महिने झाले. काम काय तर डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेलं ऐकायचं आणि टाइप करायचं, सांगायला एवढंसंच, पण पहिल्याच आठवड्यात एका पेशंटच्या छातीच्या तपासणीत मी बिनधास्त लिहून पाठवलं की दोन्ही बाजूंना ब्राँकाय ऐकू येतात. डॉक्टर म्हणाले होते राँकाय. ब्राँकाय म्हणजे श्वासनलिकेला पुढे फुटणाऱ्या फांद्या, त्या तुम्हाला मला सगळ्यांनाच दोन्ही बाजूंना असतात आणि त्या काही ऐकू येत नाहीत. राँकाय म्हणजे त्या फांद्यांत कफ साठला की स्टेथोस्कोपमधून येणारा घोरल्यासारखा जाड आवाज. आमचं काम तपासणाऱ्या मॅडमनी शेजारी शेरा मारला, "मलाही ऐकव एकदा." त्याच रात्री ही कार्डं मागवली.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण खाली बऱ्याच तक्रारी आहेत आणि मला वाद नकोत. मेडिकल शब्दांचे वेगवेगळे डबे मिळतात ना, हृदयाचा वेगळा, पोटाचा वेगळा, त्यातला श्वसनसंस्थेचा डबा. पुढे इंग्रजी शब्द, मागे तो शब्द तोडून त्याचे तुकडे आणि मराठी अर्थ, शिवाय ॲपमध्ये उच्चार. पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. अर्धा कापलाय ऑडिओसाठी आणि एक कशासाठी ते पुढे येईलच.

आधी चांगलं सांगते. शब्द तोडायची पद्धत खरंच भारी आहे. पुढचा तुकडा हिरवा, मधला निळा, शेवटचा लाल, आणि आठवडाभरात डोळ्यांना अशी सवय लागते की आख्खा शब्द न कळताही लाल तुकड्यावरून अंदाज येतो. आयटिस आलं की सूज किंवा दाह, स्कोपी आलं की आत बघणं, सेंटेसिस आलं की सुई टोचून पाणी काढणं. थोरॅसेंटेसिस, छातीतलं पाणी काढणं, इथे शिकले आणि पुढच्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये आर्थ्रोसेंटेसिस आलं, सांध्यातलं पाणी काढणं, ते मला फुकटात कळलं. ट्रॅकिओटॉमी आणि ट्रॅकिओस्टॉमीतला फरक तर मी दोन वर्षं क्लासला जाऊनही नीट सांगू शकले नसते, ट्रॅकिया म्हणजे श्वासनलिका, टॉमी म्हणजे नुसता छेद देणं आणि स्टॉमी म्हणजे तिथे तोंड करून ठेवणं, झालं, एका कार्डात विषय संपला.

काही कार्डांवर खाली बारीक अक्षरात शब्दाची गोष्ट दिलीय, आणि मला विचाराल तर अर्धे पैसे त्या ओळींचेच वसूल होतात. हायपरकॅप्निया हा शब्द मला कधीच लक्षात राहत नव्हता, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढणं. कार्डावर लिहिलंय की ग्रीकमध्ये कॅप्नोस म्हणजे धूर. बास! शरीरात चूल पेटलीय आणि धूर बाहेर जात नाहीये, परत कधी विसरले नाही. रायनो म्हणजे नाक, गेंड्याच्या इंग्रजी नावातलंच, नाकावर शिंग असलेला. ट्रॅकिया या शब्दाच्या मुळाशी खडबडीत असा अर्थ आहे, कारण जुने ग्रीक लोक तिला खडबडीत धमनी म्हणायचे, त्यांना वाटायचं धमन्यांतून हवा वाहते. खोकल्याला लॅटिनमध्ये टसिस, म्हणून डांग्या खोकला तो परटसिस आणि खोकला दाबायचं औषध ते अँटिटसिव्ह. एक्स्पेक्टोरंटमध्ये मात्र पेक्टस म्हणजे छाती लपलीय, छातीतून बाहेर काढणारं. म्हणजे एक बाटली खोकला दाबते आणि दुसरी कफ सुटायला मदत करते, आणि आपण दोन्हीला सरसकट खोकल्याचं औषध म्हणतो.

थायसिसचं कार्ड माझं आवडतं. क्षयरोगाचं जुनं नाव, लिहिताना सुरुवातीला पी, एच, टी, एच अशी चार व्यंजनं ओळीने, वाचताना माणूस अडखळून पडेल असं. त्याचा ग्रीक अर्थ झिजत जाणं. आणि आपला क्षय म्हणजे तरी दुसरं काय, झिजणंच की! दोन्हीकडच्या लोकांनी एकाच आजाराकडे बघून एकच शब्द काढला. त्याच कार्डावर रने लेनेकबद्दल एक ओळ आहे, 1816 मध्ये कागदाची गुंडाळी करून छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला तो हाच डॉक्टर, आणि 1826 मध्ये तो गेला तो क्षयानेच. अशी कार्डं पाठ करावी लागत नाहीत.

आता एक पूर्ण स्टार कशाचा कापला ते. ही पद्धत इतकी आवडलीय यांना की जिथे ती चालत नाही तिथेही रेटलीय. न्यूमोचं कार्ड बघा, अर्थ दिलाय फुफ्फुस. न्यूमोनियाला ठीक आहे, न्यूमोनेक्टॉमीला पण ठीक, आख्खं फुफ्फुस काढायचं ऑपरेशन. पण न्यूमोथोरॅक्सच्या मागे पण तुकडे तेच, फुफ्फुस अधिक छाती. अहो फुफ्फुस छातीतच असतं, मग तो आजार कसला? तिथे न्यूमो म्हणजे हवा, फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्या मधल्या जागेत हवा शिरली की न्यूमोथोरॅक्स. रक्त साठलं तर हीमोथोरॅक्स, पाणी साठलं तर हायड्रोथोरॅक्स, ही सगळी एका ओळीतली भावंडं आहेत आणि शेजारी ठेवली असती तर पोरालाही कळलं असतं. यांनी न्यूमोथोरॅक्स ठेवलंय न्यूमोनियाच्या शेजारी.

ॲटेलेक्टसिसचं तर विचारू नका. एक्टसिस म्हणजे रुंदावणं हा तुकडा ब्राँकिएक्टसिसवर शिकवलाय, तिथे बरोबर आहे, श्वासनलिकेच्या फांद्या कायमच्या रुंद आणि सैल होतात. लगेच पुढचं कार्ड ॲटेलेक्टसिस, लाल तुकडा तोच, त्यामुळे मी महिनाभर समजत होते की यात फुफ्फुस फुगतं. असतं बरोब्बर उलटं, फुफ्फुसाचा तो भाग मिटतो, हवा जात नाही. शब्दाच्या पुढे जे ॲटेली आहे त्याचा अर्थ अपुरं, म्हणजे विस्तार अपुरा. तो पुढचा तुकडा यांनी हिरवा रंगवलाच नाहीये, काळाच ठेवलाय, आणि सगळा अर्थ तर त्यातच बसलाय.

ऑर्थोप्नियाला "सरळ श्वास" लिहिलंय. तुकडे बरोबर, अर्थ शून्य. आडवं पडलं की दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं, त्याला ऑर्थोप्निया म्हणतात. डिक्टेशनमध्ये डॉक्टर चक्क उशा मोजतात, दोन उशांचा ऑर्थोप्निया, तीन उशांचा ऑर्थोप्निया, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकतेय, तीनदा मागे घेऊन ऐकलं. उशीची एक ओळ कार्डावर टाकायला काय जातं? याच्या उलट प्लॅटिप्निया असतो, बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर दम आणि झोपल्यावर आराम, ते कार्डच नाहीये डब्यात.

मराठी अर्थांबद्दल थोडं. ज्याने लिहिलेत तो माणूस शब्दकोश घेऊन बसला असणार, पेशंटजवळ कधी बसलेला दिसत नाही. ग्रसनी, वायुकोश, श्वासपटल, फुफ्फुसावरण हे ठीक, शाळेच्या पुस्तकात होतेच आणि दुसरे शब्दही नाहीत. पण डिस्प्नियाला "श्वसनकष्ट"? कुणी म्हणतं का मला श्वसनकष्ट होतायत? धाप लागते म्हणतात, दम लागतो म्हणतात. स्प्युटमला "ष्ठीवन" दिलंय, मी शपथेवर सांगते मला ते उच्चारताच येईना. बेडका लिहा ना सरळ. खोकल्याची उबळ, ठसका, छातीतली घरघर, इतके नेमके शब्द आहेत आपल्याकडे आणि एकही डब्यात नाही. फक्त एपिस्टॅक्सिसला "घोळणा फुटणे" लिहिलंय, ते वाचून मला इतका आनंद झाला की घरी सगळ्यांना दाखवलं.

शिवाय धाप आणि भरभर श्वास यात घोळ घातलाय. डिस्प्निया म्हणजे पेशंटला जाणवणारा त्रास, तो त्याने सांगायचा. टॅकिप्निया म्हणजे आपण घड्याळ लावून मोजायचं, मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास असतात, त्याच्या वर गेलं की टॅकिप्निया. एखाद्याला धाप लागलेली असेल आणि आकडा 18 च असेल, होऊ शकतं. यांनी दोन्हीच्या मागे जवळपास एकच वाक्य छापलंय.

ऑडिओ. उच्चार स्वच्छ आहेत पण फारच स्वच्छ आहेत, एक बाई संथपणे एक एक शब्द म्हणते. पी कुठे गप्प बसतो आणि कुठे बोलतो हे मात्र त्यामुळे पक्कं झालं, न्यूमोनियात तोंड बंद, ॲप्नियात, म्हणजे श्वास थांबण्यात, बोलतो. पण खऱ्या डिक्टेशनमध्ये डॉक्टर जेवता जेवता बोलल्यासारखे बोलतात, मागे कुणीतरी दार आपटतं आणि हायपो म्हणाले की हायपर, कमी की जास्त, ते देवाला माहीत. त्यावर माझा मी उपाय शोधलाय तो असा की शब्द सोडा आणि पुढचा आकडा ऐका. धमनीच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण 35 ते 45 हवा, डॉक्टर जर पुढे 62 म्हणाले तर तो हायपरच, कितीही पुटपुटू देत.

आणि सगळ्यात मोठी उणीव, सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांच्या जोड्या कुठेच नाहीत. प्लूरल म्हणजे फुफ्फुसावरणाचं आणि प्लूरल म्हणजे अनेकवचन, कानाला डिट्टो एक. इफ्यूजन म्हणजे पाणी साठणं, परफ्यूजन म्हणजे रक्त पोचणं, पहिला स्वर रेकॉर्डिंगमध्ये गिळला गेला की पेशंटचं भलतंच होतं. म्यूकस नाम आणि म्यूकस विशेषण, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. हिमॉप्टिसिस म्हणजे खोकल्यातून रक्त आणि हिमॅटेमेसिस म्हणजे उलटीतून रक्त, एक छातीचा डबा आणि एक पोटाचा, म्हणून बहुतेक दुसरं यात घेतलंच नाही, पण ऐकणाऱ्याचा कान डबे बघून ऐकत नाही ना. आणि माझे लाडके ब्राँकाय राँकाय! दोघांची कार्डं आहेत, पण एक शरीररचनेच्या गठ्ठ्यात आणि एक तपासणीच्या गठ्ठ्यात, मी रबर बँड लावून एकत्र ठेवलेत.

कार्डांचा कागद चकचकीत आहे, दिव्याखाली चमकतो, डब्याचं झाकण दुसऱ्या आठवड्यात फाटलं. तेवढं चालतं.

न्यूमोथोरॅक्सबद्दल मी कंपनीला मेल केला होता. उत्तर आलं दहा दिवसांनी, आभार वगैरे, ॲपमध्ये दुरुस्त करू म्हणाले आणि केलंही, आता तिथे हवा असं दिसतं. छापील कार्ड बदलून मिळणार नाही म्हणाले. मग मीच फुफ्फुस खोडून वर पेनाने हवा लिहिलं, चकचकीत कागदावर शाई धरत नाही म्हणून दोनदा गिरवावं लागलं, आणि पेन हातात होतंच तर ष्ठीवनवर पण काट मारली.