शाहीर आणि लावणीवाली

कोल्हापुरात पुरुषानं डफावर थाप मारून खडा सूर लावला की तो शाहीर. पिराजीराव सरनाईकांचं नाव इथं आजही आदरानं घेतात. बाईनं ढोलकीवर तसाच सूर लावला की ती लावणीवाली, आणि लोकांचं लक्ष गळ्याआधी घुंगरांकडं. गंमत बघा, रामजोशी आणि होनाजी बाळा यांनी लावण्या रचून नाव कमावलं, तरी ते शाहीरच! त्याच लावण्या फडावर गाणाऱ्या कोल्हाटी बायकांना मात्र ती पदवी कुणी दिली नाही. म्हणजे एकट्या बाईपणाचा प्रश्न नाही, जातही आहेच.

अमेरिकेत हे शिक्का मारायचं काम वर्ण करतो. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची ‘बिलबोर्ड’ या संगीत नियतकालिकाची लोकप्रियतेची यादी १९४९ पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्‌स’ (रेस म्हणजे वंश) नावानं चाले. २०१९ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय गायकाचं गाणं ‘कंट्री’ या गोऱ्यांच्या मानल्या जाणाऱ्या गानप्रकाराच्या यादीतून काढलं, तेव्हा निदान जाहीर वाद झाला.

आपल्याकडं शिक्का निवेदकाच्या तोंडी असतो. पोवाडा गाणारी आली की ‘महिला शाहीर’ म्हणून पुकारा, वर ‘ठसकेबाज’ आहेच. माझ्या मते हे कौतुक नव्हेच. तिच्या आवाजाबद्दल त्यात एक अक्षर नसतं.