नवा सेल्फ म्हणून आमचाच सेल्फ रंगवून आम्हाला विकला

आण्णांची २००७ ची डिझेल जीप आहे, शेतावर आणि बाजाराला अजून तीच जाते. दिवाळीनंतर तिचे नखरे चालू झाले. चावी फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) नुसता घूंss घूंss करत कण्हायचा, कधी गाडी चालू व्हायची कधी नाही, आणि धक्का मारला की मात्र पहिल्या झटक्यात स्टार्ट.

माझी चूक आधी सांगतो. हायवेच्या गॅरेजवर गेल्या गेल्या मीच बोललो, "बॅटरी गेलीय वाटतं." झालं! गिऱ्हाईकच पार्टचं नाव सांगतंय म्हटल्यावर तो कशाला मीटर लावतोय. बॅटरी जेमतेम १४ महिन्यांची, वॉरंटी कार्ड घरी कपाटात. तर म्हणे सेल डेड झालाय, वॉरंटीला पाठवली तर १५ दिवस जातील, तुम्हाला गाडी रोज लागते ना? नवीन ७,२०० ची, जुनीचे १,००० वजा करून ६,२०० घेतले. दुपारी गरम इंजिनवर गाडी बरी चालू झाली, मी खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी परत तेच कण्हणं.

मग सेल्फ. आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळालंय, रिपेअर करण्यात अर्थ नाही, नवाच टाका म्हणाला. ९,५०० सेल्फचे आणि ८०० मजुरी, गाडी रात्रभर ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी बघतो तर काळाकुळकुळीत चकचकीत सेल्फ बसलेला. जुना कुठंय विचारलं तर एक्स्चेंजला दिला म्हणे. चारेक दिवस बरे गेले आणि पुन्हा घूंss घूंss. आता त्यानं तोंड पाडून सांगितलं, "कॉम्प्रेशन गेलंय साहेब, इंजिन उघडायला लागणार, ४५ हजार धरून चला." म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबलीच जात नाही.

इथं आण्णा भडकले आणि गाडी धक्का मारून तालुक्याच्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडं घेऊन गेले, मीपण सोबत.

त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, सेल्फ हळू फिरतोय का जोरात फिरून गाडी घेत नाही? ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. सेल्फ जोरात फिरतोय आणि गाडी घेत नाही तर डिझेल, एअर, हीटर प्लग असलं बघायचं, सेल्फच हळू फिरतोय तर करंटचा रस्ता बघायचा. कॉम्प्रेशनचं ऐकून तर तो हसायलाच लागला, "अरे कॉम्प्रेशन गेलं तर इंजिन हलकं फिरतं, जड नाही."

दुसरा प्रश्न त्याहून भारी. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कधी बदलली? मी म्हटलं जुलैमध्ये, जाम झाली होती, त्याच गॅरेजवाल्यानं ६५० घेऊन बदलली, पण त्याचा इथं काय संबंध? त्यानं आण्णांना सेल्फ मारायला लावला आणि मला म्हणाला केबलला हात लाव. गरम! इंजिनची अर्थिंग (इंजिनकडनं बॅटरीच्या निगेटिव्हला करंट परत नेणारी जोडणी) खराब झाली की सेल्फचा एवढा मोठा करंट मिळेल त्या वाटेनं परत जातो, म्हणजे असल्या बारक्या केबलमधनं, आणि ती आतून भाजून जाम होते. म्हणजे रोग जुलैपासूनच दिसत होता.

मग मल्टिमीटर काढला. डिझेल बंद करायच्या सोलेनॉइडची वायर काढली, म्हणजे सेल्फ फिरेल पण गाडी चालू होणार नाही. बॅटरी नुसती असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.८. ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घ्यायचा म्हणाला, ही तर दमतपण नाहीये. नंतर एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून परत सेल्फ मारला. तिथं अर्ध्या व्होल्टच्या वर जायला नको, आमचं २.६! एवढं सगळं अर्थिंगमध्येच खाल्लं जातंय म्हटल्यावर सेल्फ बिचारा कशावर फिरणार. खात्रीसाठी त्यानं जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरनं थेट इंजिनला लावली आणि सेल्फ असा फिरला की आण्णा दचकले.

अर्थिंगची पट्टी काढली तर लगपाशी (टोकाच्या कडीपाशी) हिरवी पावडर झालेली आणि निम्म्या तारा तुटलेल्या. नवीन जाड केबल, बोल्टची जागा घासून साफ, मजुरीसकट ४०० रुपये. परत मोजलं तर ०.२.

पण खरा धक्का पुढं होता. सेल्फपाशी हात घालता घालता तो थांबला, रंग नखानं खरवडला आणि आण्णांना हाक मारली. आत पितळी पट्टीवर कानशीनं मारलेल्या दोन आडव्या रेघा. आण्णांनी २०१५ ला सेल्फ रिवाइंडिंगला देताना स्वतः मारलेल्या! म्हणजे ९,५०० चा नवा सेल्फ आमचाच होता, स्प्रे मारून परत बसवलेला. चार दिवस गाडी बरी चालली ती बोल्ट सैल करून परत आवळल्यामुळं.

गॅरेजवर गेलो तर आधी आवाज चढवला, आण्णांनी रेघा दाखवल्यावर "सर्व्हिसिंग केलंय ना, नव्यासारखाच आहे की" वर आला. जुलैची केबल धरून १७,१५० गेले होते, ३,००० परत मिळाले. चांगली बॅटरी गेली ती गेलीच. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावणार होतो पण हातात काय, वहीच्या कागदावर पेननं लिहिलेली चिठ्ठी, ना शिक्का ना जीएसटी नंबर, आणि त्यावर नुसतं "सेल्फ काम". नवा हा शब्दच त्यानं लिहिला नव्हता, तेवढी हुशारी होती.

परवा आण्णा बायकोची नेलपॉलिश मागत होते. बघतो तर बॅटरी, डायनामो, फीड पंप, सगळ्यावर बुडाशी लाल टिपके.