फायटर मासा आणि तीस लिटर पाणी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

दुकानात फायटर मासा प्लॅस्टिकच्या पेल्यात ठेवलेला असतो. सोबत सांगितलं जातं की याला फिल्टर लागत नाही, मोठी टाकी लागत नाही, आठवड्यातून एकदा पाणी बदललं की झालं. कमी देखभालीचा प्राणी म्हणून हा मासा खरंच उत्तम आहे, पण या सल्ल्यामुळे नाही. दीड फुटी टाकीत एक नर फायटर दहा महिने ठेवल्यावर मत असं ठाम झालं आहे की भांडं जितकं लहान, तितकं काम जास्त आणि माशाचं आयुष्य कमी.

कारण साधं आहे. मासा कल्ल्यांतून अ‍ॅमोनिया सोडतो, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. तीन लिटरच्या बाऊलमध्ये हा विषारी अ‍ॅमोनिया दोन दिवसांत त्रासदायक पातळीला पोचतो. म्हणजे एक दिवसाआड पाणी बदलणं आलं, आणि प्रत्येक वेळी तापमानाचा झटका बसतो तो वेगळाच. फायटरला डोक्याजवळ हवा घेण्यासाठी खास अवयव असतो, तो पृष्ठभागावर येऊन आपल्यासारखी हवा गिळतो. त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो. पण अ‍ॅमोनियापासून तो अवयव वाचवत नाही. 'थायलंडमध्ये हे मासे भातखाचरांच्या उथळ पाण्यात राहतात, मग बाऊल का नको?' असं विचारणारे भेटतात. खाचर उथळ असतं, लहान नसतं. याच थायलंडने २०१९ मध्ये फायटरला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. त्या मानाने आपल्याकडे त्याची फारच आबाळ होते.

टाकीचं माप दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वरून पाच सेंटीमीटर रिकामी ठेवली आणि तळाला दोन-तीन सेंटीमीटर वाळू घातली की जेमतेम तीस लिटर पाणी राहतं. वरची रिकामी जागा वाया गेलेली नाही. झाकणाखालची दमट, कोमट हवा मासा गिळतो, म्हणून ती सोडायचीच. झाकण मात्र पूर्ण हवं. वायरींसाठी कापलेल्या कोपऱ्यातूनही फायटर उडी मारतो, तिथे स्पंजचा तुकडा दाबून बसवावा. पाणी, काच आणि वाळू मिळून वजन चाळीस किलोंच्या वर जातं, त्यामुळे टीव्ही युनिटची भुशाची फळी नको. कडप्प्याचा ओटा किंवा लोखंडी स्टँड हवा, आणि टाकीखाली थर्मोकोलचा पत्रा. तो नसेल तर खालच्या जागेतल्या बारीकशा खडबडीतपणानेही तळाची काच तडकू शकते.

फिल्टर म्हणून स्पंज फिल्टर आणि साधा एअर पंप पुरतो. लटकवायच्या पॉवर फिल्टरचा प्रवाह लांब पंखांच्या नराला झेपत नाही. तो एका कोपऱ्यात दबून बसतो आणि पंख फाटतात. पंपाची हवासुद्धा नळीवरच्या व्हॉल्व्हने कमी करून घ्यावी, बुडबुडे मोजता येतील इतकी. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह न विसरता बसवावा. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटं पंपात येतं, मग जमिनीवर. व्हॉल्व्ह पंधरा-वीस रुपयांचा असतो. दिशा उलटी लावली तर हवा जातच नाही, तेव्हा बसवण्याआधी तोंडाने फुंकून बघावं.

खरी मेहनत पहिल्या सहा आठवड्यांत आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात. मासा आणण्यापूर्वी स्पंजमध्ये जिवाणू वाढू द्यावे लागतात. एक गट अ‍ॅमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. या जिवाणूंना सुरुवातीला खायला अ‍ॅमोनिया द्यावा लागतो. सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला वापरतो तोच हा नवसागर, पण इथे रसायनांच्या दुकानातला शुद्ध हवा. २ ग्रॅम पावडर १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवावी. त्यातले १० मिली तीस लिटरमध्ये टाकले की अ‍ॅमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. दर दोन-तीन दिवसांनी थेंबांच्या टेस्ट किटने मोजायचं आणि अ‍ॅमोनिया शून्यावर आला की पुन्हा १० मिली. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढतो आणि बराच काळ हलत नाही. इथे लोक कंटाळून मासा आणतात. थांबावं. एका दिवसात २ पीपीएम अ‍ॅमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य होऊ लागले की टाकी तयार. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढायचं आणि मासा आणायचा. ओळखीच्या कुणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला पिळलेला काळपट स्पंज मागून आणावा. सहा आठवड्यांचं काम दीड-दोन आठवड्यांवर येतं. बाटलीबंद जिवाणूंवर भिस्त ठेवू नये, दुकानातल्या उन्हात पडलेल्या बाटलीत काय जिवंत उरलं असेल ते सांगता येत नाही.

एवढं झालं की पुढचं काम आठवड्यातून वीस-पंचवीस मिनिटांचं. हीटर असेल तर आधी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबावं, गरम काचेचा हीटर हवेत उघडा पडला की फुटतो. मग सायफन नळीने वाळूवरची घाण ओढत सात लिटर पाणी काढायचं. त्यासाठी बादलीला आतून मार्करची खूण करून ठेवावी, दर वेळी मोजायला लागत नाही. महिन्यातून एकदा त्या काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-तीनदा पिळायचा. नळाखाली कधीच नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. 'स्वच्छ केल्यावर चार दिवसांत मासा गेला' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. नवीन पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात अँटिक्लोरीन (क्लोरीन निकामी करणारं औषध) घालून, हाताला दोन्ही पाणी सारखं लागेल असं बघून हळूहळू ओतावं. पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अ‍ॅमोनियाचं संयुग) जात नाही. थेंबभर औषधाची काटकसर करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, त्या दिवसांत तर नाहीच.

पाण्याचा प्रकार गावागणिक बदलतो. मुंबईचं धरणांचं पाणी मऊ आहे. त्यात आम्ल शोषणारे क्षार कमी, म्हणून पाणी बदलायला आळस केला की पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल हे सांगणारा आकडा, हळूहळू घसरतो. जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपल्यांचा चुरा टाकला की हे थांबतं. बोअरच्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असतो. त्यात मासा सहज जुळवून घेतो, पण अ‍ॅमोनियाची चूक तिथे महागात पडते: पीएच ७ वरून ८ वर गेला की अ‍ॅमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. तरीही पीएच औषधं घालून खाली आणायच्या भानगडीत पडू नये, वरखाली होणारा पीएच जास्त वाईट. टाकीत नुसतं आरओचं पाणी भरू नये आणि आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार दाटलेले असतात. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरून काढायला मात्र आरओच योग्य, कारण उडून जातं ते पाणी, क्षार मागेच राहतात.

खाण्याच्या बाबतीत हात आखडता ठेवणं हीच सगळ्यांत मोठी देखभाल. एक मिलिमीटरचे दाणे सकाळी तीन-चार, संध्याकाळी तीन-चार, आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. दाणे मिनिटभर टाकीच्या पाण्यात भिजवून द्यावेत. या माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं आणि तो माणूस दिसला की रोज उपाशी असल्यासारखा वागतो. घरातल्या प्रत्येकाने 'थोडंसं' टाकलं की पोट फुगतं, मासा तिरका तरंगतो. औषध शोधण्याआधी दोन-तीन दिवस उपास घडवावा, बहुतेकदा तेवढं पुरतं. वीस ग्रॅमची डबी एका माशाला वर्षभरातही संपत नाही आणि उघडी राहून खवट होते, म्हणून छोटीच डबी घ्यावी. गटारातल्या किंवा साचलेल्या डबक्यातल्या डासांच्या अळ्या आणू नयेत, पाण्याबरोबर रोग येतो.

वनस्पतींत अनुबियास आणि जावा फर्न. दोन्ही वाळूत पुरायच्या नसतात, खोडाचा आडवा भाग पुरला की कुजतो. दोऱ्याने दगडाला बांधाव्या. याहून उपयोगी निघाला मनी प्लांट: मुळं पाण्यात, पानं टाकीबाहेर. नायट्रेट झपाट्याने खातो आणि त्याला वेगळा दिवा लागत नाही. टाकीचा दिवा सहा-सात तासांवर ठेवावा. दहा तास ठेवला की काचेवर हिरवं शेवाळ येणारच. सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत दिसणारा तपकिरी थर वेगळा, तो पुसायचा आणि विसरायचा, पुढे आपोआप येईनासा होतो.

देशी बदामाचं पान ही आपल्या गल्लीतच मिळणारी चांगली गोष्ट. लाल होऊन गळलेलं, कीटकनाशक न मारलेल्या झाडाचं पान धुऊन पूर्ण वाळवायचं. तळहाताएवढं एक पान तीस लिटरला पुरे. पाणी चहासारखं होतं, ते टॅनिन, घाण नव्हे. नर अशा पाण्यात निवांत राहतो आणि पानाखाली बुडबुड्यांचं घरटं करतो. हिरवं पान टाकू नये, कुजून पाणी नासतं.

तापमान २५ ते २८ अंश. कोकणात हीटर वर्षातून जेमतेम महिनाभर लागतो, पुणे-नाशिकच्या थंडीत तो हवाच. ५० वॉटचा पुरतो. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये, वेगळा थर्मामीटर लावावा. दोन-तीन अंशांचा फरक नेहमीचा. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट अडचण. झाकण काढून जाळी लावावी आणि पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा, तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फ टाकू नये.

आता एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत. डास मारायच्या लिक्विड मशीनमधली आणि कॉइलमधली पायरेथ्रॉइड गटातली रसायनं माशांना अत्यंत विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. शिवाय फायटर स्वतःच ती हवा गिळतो. टाकीच्या खोलीत मशीन लावू नये, मच्छरदाणी वापरावी. घरात पेस्ट कंट्रोल असेल तर मासा झाकणाच्या बादलीत, टाकीच्या पाण्यासकट, एक दिवस शेजारच्या घरी ठेवावा. पंप बंद करून टाकी प्लॅस्टिकने बांधावी. ओला स्पंजही त्याच बादलीत न्यावा, बंद टाकीत जिवाणू गुदमरतात.

आजारांत सर्वाधिक दिसतं ते पंखांच्या कडा काळ्या पडून झिजणं. यावर पहिलं औषध रोज पाव टाकी स्वच्छ पाणी, आठवडाभर. बाटल्यांची वेळ त्यानंतर. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले तर तापमान रोज एक अंश चढवत ३० वर न्यावं आणि आयोडीन नसलेलं खडे मीठ लिटरला एक ग्रॅम, आधी विरघळवून, दोन दिवसांत विभागून. खवले अननसासारखे उभे राहिले तर मात्र मासा क्वचितच वाचतो.

खर्चाचं म्हणाल तर टाकी, स्टँड, पंप, फिल्टर, दिवा, हीटर आणि टेस्ट किट मिळून चार-पाच हजार गेले. मासा त्यात सगळ्यांत स्वस्त. पंप ४ वॉटचा, दिवा १० वॉटचा, म्हणजे हीटर नसताना महिन्याला सुमारे पाच युनिट. गणपतीला चार-पाच दिवस गावी जायचं असेल तर निरोगी मासा उपाशी ठेवून खुशाल जावं. त्याहून जास्त दिवस असतील तर रोजच्या चार दाण्यांच्या पुड्या बांधून शेजाऱ्यांकडे द्याव्या आणि डबी लपवून ठेवावी. पाण्यात विरघळणारे सुट्टीचे ठोकळे पाणी नासवतात.

या कामाची तुलना इतर पाळीव प्राण्यांशी केली तर गप्पी मासे दर महिन्याला पिल्लं देतात, तीन महिन्यांत टाकी भरते. रुपयाएवढं विकलं जाणारं लाल कानाचं कासव ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं आणि त्याला शेकडो लिटर पाणी लागतं. कंटाळून तळ्यात सोडलेली अशी कासवं देशी कासवांच्या मुळावर आली आहेत. तारा कासव आणि देशी पोपट हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरी ठेवणं गुन्हाच आहे, कुणी कितीही 'चालतं' म्हणालं तरी. कुशीत घ्यायला प्राणी हवा असेल तर मात्र फायटर घेऊ नका. त्याला हात लावायचा नसतो आणि सोबत दुसरा नर ठेवायचा नसतो.

मासा निवडताना पेल्याजवळ बोट न्यावं. जो वळून बघतो आणि कल्ले फुलवतो तो घ्यावा, तळाशी पडून राहणारा कितीही सुंदर असला तरी नको. दुकानातला लांब पंखांचा नर बहुधा सहा महिने ते वर्षाचा झालेला असतो आणि एकूण आयुष्य दोन ते चार वर्षं, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. तो गेला आणि लगेच दुसरा आणायचा नसेल तर टाकीत दर दोन दिवसांनी त्या नवसागराच्या पाण्याचे ५ मिली टाकत राहावं आणि पंप चालू ठेवावा, म्हणजे स्पंजमधले जिवाणू उपाशी मरत नाहीत आणि पुढच्या माशासाठी पुन्हा सहा आठवडे थांबावं लागत नाही.