नवीन पॅनलवर तोच जुना काळा ठिपका

जुन्या लॅपटॉपचा हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, तुटलाय आणि तो कोणाकडे तरी रिपेअरला पाठवायचा विचार करताय, तर आधी हे वाचा. मी दोनदा पैसे भरले आणि दोन्ही वेळा फसलो, आणि दुसऱ्या वेळी तर मला कळत होतं की काहीतरी गडबड आहे तरी भरले, कारण लॅपटॉप रिपेअरवाल्याकडे होता.

लॅपटॉप बाबांचा. १९९२ सालचा, ट्रॅकबॉलवाला, करड्या रंगाची ६४० बाय ४०० पिक्सेलची स्क्रीन. बाबा गेल्यावर ताईने जपून ठेवला होता, मी तो काढला, चालू झाला, त्यातल्या बाबांच्या फाइली उघडल्या आणि मी तिथेच बसून राहिलो. त्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात वर एक काळा ठिपका आहे, डेड पिक्सेल. बाबा असताना पण होता. लहानपणी मी तो बोटाने पुसायला जायचो आणि बाबा म्हणायचे, "राहू दे रे, तो जात नाही." हा ठिपका लक्षात ठेवा, पुढे येणारे.

चारपाच वेळा झाकण उघडबंद केलं असेल, एके दिवशी डावीकडून कट्ट असा आवाज आला आणि झाकणाचा कोपरा फुगला. मला वाटलं हिंज तुटला. आता कळतं की हिंज तुटलाच नव्हता आणि सगळी फसवणूक इथूनच सुरू होते. हिंजच्या दांड्यावर वॉशर आणि नट घट्ट आवळलेले असतात, त्या घर्षणामुळे स्क्रीन हवी तिथे थांबते. तीस वर्षांत आतलं ग्रीस सुकतं आणि हिंज जाम होतो. हिंज ज्या पितळी इन्सर्टमध्ये, म्हणजे आतून आटे पाडलेल्या छोट्या नळ्यांमध्ये, स्क्रूने बसवलेला असतो ते इन्सर्ट प्लॅस्टिकच्या छोट्या खांबांत रुतवलेले असतात, आणि ते प्लॅस्टिक एव्हाना बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. आपण झाकण उचलतो, हिंज फिरत नाही, सगळा जोर त्या खांबांवर येतो आणि इन्सर्ट प्लॅस्टिकसकट उपटून निघतात. ॲपलच्या १९९१ च्या पॉवरबुक १४०, १७० या लॅपटॉपमध्ये हे खांब जाण्याचा प्रकार जुने लॅपटॉप जमवणाऱ्यांना चांगला माहीत आहे. उलट २००१ च्या टायटॅनियम पॉवरबुक जी४ मध्ये हिंजचं धातूच तुटतं, तिथे प्लॅस्टिक चिकटवून काही उपयोग नाही. म्हणजे नक्की काय तुटलंय हे उघडून बघितल्याशिवाय कोणी रेट सांगत असेल तर तिथेच थांबा. मी थांबलो नाही.

ज्याला दिला तो ऑनलाइन जाहिरात करायचा, जुन्या मशीनचा स्पेशालिस्ट म्हणून. फोनवर बोलायला एकदम गोड. "सर काळजी नका करू, दोन्ही ओरिजिनल नवीन हिंज टाकतो, इन्सर्ट एपॉक्सीत पक्के बसवतो, टेन्शन सेट करून देतो." मी फोटो पाठवले, बाहेरचे आणि कोपरा थोडा उचकून आतला एक, अर्धे पैसे पाठवले, लॅपटॉप पॅक करून पाठवला. काही दिवसांनी कामाचे फोटो आले आणि एक छोटा व्हिडिओ, झाकण तीनदा उघडलं, तीनदा मिटलं. फोटो झकास होते, मी खूश, उरलेले पैसे लगेच पाठवले.

लॅपटॉप आला आणि नवव्या दिवशी परत कट्ट. शिवाय स्क्रीनवर उभ्या रेघा. फोन केला तर म्हणाला, "सर पॅनल गेलंय, जुनं आहे ना, प्रेशर घेतलं असेल त्याने, पाठवा, माझ्याकडे एक चांगलं पडलंय." मी रेघांचा व्हिडिओ काढला तेव्हा झाकण थोडं हलवलं की रेघा कमीजास्त व्हायच्या, हे मला दिसत होतं पण अर्थ कळला नाही. झाकणाच्या कोनाबरोबर रेघा बदलत असतील तर पहिला संशय हिंजजवळून जाणाऱ्या केबलवर घ्यायचा, पॅनलवर नाही. हे मला नंतर एका मित्राने सांगितलं, तोवर मी परत पाठवून बसलो होतो आणि रिपेअरवाला म्हणत होता पॅनलचे पूर्ण पैसे आधी, नाहीतर तसाच परत पाठवतो आणि वाटेत काही झालं तर मी जबाबदार नाही. बाबांच्या फाइली त्यात होत्या. भरले पैसे.

परत आला. रेघा नव्हत्या. मी स्क्रीनकडे बघतोय आणि उजव्या कोपऱ्यात वर तो ठिपका. तोच, त्याच जागी. मी ताईला बोलावलं, काही न सांगता तिच्यासमोर चालू करून ठेवला, ती म्हणाली, "अरे हे तर बाबांचंच पॅनल आहे." पॅनल बदललंच नव्हतं, त्याच्याच हाताने चिमटलेली केबल सरळ केली आणि पूर्ण पॅनलचे पैसे घेतले.

मग मित्राबरोबर बसून उघडला. ॲडॅप्टर आणि बॅटरी काढूनच उघडायचं, कारण या जुन्या स्क्रीनच्या बॅकलाइटच्या इन्व्हर्टरवर, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा पेटवणाऱ्या छोट्या सर्किटवर, शेकडो व्होल्ट असतात. आत काय होतं सांगतो. एपॉक्सी कुठेच नाही, सुपरग्लू आणि खाण्याचा सोडा. हे मिश्रण क्षणात दगडासारखं होतं आणि फोटोत मस्त दिसतं पण दगडासारखंच ठिसूळ असतं, हिंजच्या ओढीपुढे टिकत नाही, तडकतं. आजूबाजूला सुपरग्लूच्या वाफेचा पांढुरका थर. एक स्क्रू मूळ स्क्रूपेक्षा लांब, त्याच्या टोकाने झाकणाला बाहेरून फोड आल्यासारखा उंचवटा आलाय, तो आता कायमचा. आणि नवीन हिंज? डाव्या हिंजवर एक तिरका ओरखडा होता, मी पाठवण्याआधी काढलेल्या आतल्या फोटोत तो स्पष्ट दिसतो, आणि उघडल्यावर तोच ओरखडा तिथेच. नटवर तीस वर्षांची धूळ आणि सुकलेलं ग्रीस जसंच्या तसं, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. म्हणजे ज्या कारणाने तुटलं त्याला त्याने हातच लावला नव्हता. हिंज जाम, वर नाजूक ग्लू, परत तुटणारच होतं आणि मी परत पैसे देणार होतो.

एवढ्या जुन्या मॉडेलचे हिंज आता सहसा कोणी नव्याने बनवत नाही. मिळतात ते बहुतेक दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढलेले, त्यांचं ग्रीसही तेवढंच सुकलेलं. म्हणून "ओरिजिनल नवीन" म्हणाला की कुठून आणले ते विचारा, पार्ट नंबर विचारा. आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपवाल्यांचं बरं आहे, आयबीएमची हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल मिळतात, त्यात पार्टचा एफआरयू नंबर, म्हणजे बदलायच्या सुट्या भागाचा नंबर, असतो, पडताळता येतं. आणि पाठवण्याआधी झाकणाचं कव्हर उघडून आतले फोटो काढा, हिंज, नट, केबल, पॅनलच्या मागचं लेबल नंबरसकट. मी आतला एकच फोटो काढला होता आणि तोही सहज, तोच एक पुरावा हातात राहिला. कामाचे फोटो मागाल तेव्हा त्यात तुमचा सिरियल नंबर आणि उघडा हिंज एकाच फ्रेममध्ये दिसला पाहिजे, आणि शेवटचे पैसे त्यानंतरच.

आम्ही नंतर नट थोडा थोडा करत सैल केला, स्क्रीन स्वतः उभी राहील पण बोटाने हलेल इतपत. सगळा सुपरग्लू खरवडला, प्लॅस्टिक घासून खरखरीत केलं, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलं, इन्सर्ट दोन ट्यूबवाल्या एपॉक्सीत बसवले आणि पूर्ण एक दिवस हात लावला नाही. सध्या टिकलंय. तरी मी दोन्ही हातांनी आणि अगदी हळू उघडतो.

त्याला सगळे फोटो पाठवले, त्याने ब्लॉक केलं, जाहिरात दुसऱ्या नावाने परत चालू आहे. पहिल्या वेळी मला आलेला "कामाचा" फोटो त्या जाहिरातीत आहे, तेव्हा नीट बघितलं असतं तर कळलं असतं की तो माझा लॅपटॉपच नव्हता, कीबोर्ड वेगळा आहे. डाव्या हिंजशेजारी पिवळी टेप, खालच्या कोपऱ्यात एका स्क्रूची जागा रिकामी आणि मागे निळी मॅट. हा फोटो तुम्हाला कोणी "सर तुमचं काम झालं" म्हणून पाठवला तर एक पैसाही पाठवू नका, आधी लॅपटॉप परत मागवा.