फेदर की लेअर मास्क?

आजी-आजोबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली तेव्हा गिंप या फोटो-एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये कोलाज केलं. फोटोतून कापलेल्या चेहऱ्याची कड मऊ करायच्या या दोन्ही रीती वापरून झाल्या.

फेदर, म्हणजे निवडलेल्या भागाची कड ठरावीक पिक्सेलपर्यंत विरळ करणं, झटपट. चेहऱ्याभोवती सिलेक्शन काढायचं, फेदरचा आकडा टाकायचा, कॉपी-पेस्ट, झालं. पण ६०० पिक्सेल रुंद फोटोत ४० चा आकडा कड छान विरघळवतो, ४००० पिक्सेलच्या स्कॅनमध्ये तोच जेमतेम जाणवतो. शिवाय कड सगळीकडे सारखीच मऊ. आजोबांच्या टोपीचं टोक धुक्यात गेलं आणि ते आणायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लेअर मास्क, म्हणजे फोटोच्या थराचा (लेअरचा) कुठला भाग दिसेल ते ठरवणारा पडदा, वेळखाऊ, तरी माझं मत त्यालाच. मूळ फोटोला धक्का लागत नाही. मऊ ब्रशने काळा फिरवला की भाग लपतो, पांढऱ्याने परत येतो, करड्याने अर्धवट. आजीच्या खांद्याला मोठा ब्रश, नथीपाशी बारीक आणि कडक. फक्त आधी लेअरच्या यादीत मास्कच्या चौकोनावर क्लिक करा, नाहीतर थेट आजीच्या तोंडाला काळं! (मी फासलंय.)

दहा-बारा छोटे चेहरे गोलात बसवायचे असतील तर मात्र फेदरच बरं. कापलेला तुकडा वेगळ्या फाइलीत ठेवायचा तर दोन्ही रीतींत पीएनजीच. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही.