तोच दिवस पुन्हा: हसवणारा की हेलावणारा?

एकच दिवस पुन्हापुन्हा उगवणारी प्रेमकथा हवी, पण कोणती घेऊ, असं मैत्रिणीच्या मुलीनं विचारलं. जेसिका ब्रॉडीची ‘अ वीक ऑफ मंडेज’ (२०१६) की लॉरेन ऑलिव्हरची ‘बिफोर आय फॉल’ (२०१०)? दोन्हींत नायिका शाळकरी, दिवसही सात वेळाच येतो.

सूर मात्र अगदी वेगळा. ‘मंडेज’ची नायिका एलिसन, तिचा प्रियकर सोमवारी तिला सोडतो आणि ती दर सोमवारी नवी शक्कल लढवते. तिची धांदल वाचताना खुदकन हसू येतं. ‘बिफोर आय फॉल’ची नायिका सॅम, तिच्या शाळेत गुलाब वाटले जातात, त्याच रात्री गाडीला अपघात होतो. केंट या मुलावर तिचं प्रेम हळूहळू जडतं, मला तेच जास्त भिडलं.

परीक्षेनंतर डोकं हलकं करायचं असेल तर ‘मंडेज’ घे. डोळे पाणावले तरी चालणार असतील तर दुसरी.