स्कार्लेट टू-आय-टू: दोन जॅक आहेत, स्टिरिओ नाही

"माझा आवाज फक्त डाव्याच कानात का येतो?" फोकसराइट स्कार्लेट टू-आय-टू (तिसरी आवृत्ती, २०१९) हा माइक किंवा वाद्य संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस नव्याने घेतलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. खोका बिघडलेला नसतो. पुढचे दोन जॅक म्हणजे स्टिरिओची जोडी नाही, त्या दोन स्वतंत्र मोनो वाटा आहेत. संगणकाला मात्र त्या डावी-उजवी अशा दिसतात. एकच माइक पहिल्या जॅकला लावून ट्रॅक स्टिरिओ ठेवला, की उजवी बाजू कोरीच राहणार.

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये इलाज सोपा आहे. ट्रॅकच्या रेकॉर्ड बटणावर राइट-क्लिक करून मोनो इनपुटच्या यादीतून इनपुट १ निवडा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात रेकॉर्डिंग चॅनल मोनो करा. पण विंडोजवर काही वेळा दोन्ही वाटांची सरासरी निघते आणि लाट अर्ध्या उंचीवरच कापली जाते. तसं दिसलं तर सरळ स्टिरिओत रेकॉर्ड करा, नंतर ट्रॅकच्या मेन्यूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करून कोरा ट्रॅक उडवा.

किबोर्ड स्टिरिओत घ्यायचा तर ६.३५ मिमीच्या दोन साध्या मोनो केबल लागतात: डावा आउटपुट १ ला, उजवा २ ला, दोन्ही 'इन्स्ट' (गिटारसारखं वाद्य थेट लावण्यासाठीची) बटणं बंद. केबल वाचवण्याच्या नादात इथेच घोळ होतो. हेडफोन जॅकमधून एकच टीआरएस केबल (पिनेवर तीन संपर्क असलेली, डावा-उजवा दोन्ही आवाज नेणारी) आणून पहिल्या जॅकला खुपसली, तर बॅलन्स्ड (दोन तारांमधला फरक वाचणारा) असलेला तो जॅक डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक उचलतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं गायब होतं आणि उरतो रिव्हर्बचा पोकळ घुमारा. दुसरा पर्यायच नसेल तर एका टोकाला टीआरएस आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वाय केबल घ्या.

खरी उणीव गेनच्या (आत येणारा आवाज वाढवणाऱ्या) नॉबमध्ये आहे. दोन्ही नॉब एकत्र जोडता येत नाहीत आणि नुसत्या नजरेने जुळवले तर थोडा फरक राहतोच. पियानो एका बाजूला सरकतो. किबोर्डवरून पॅन मधोमध असलेला एखादा आवाज सोडा (मेट्रोनोमची टिकटिक चालते) आणि सॉफ्टवेअरच्या मीटरवर दोन्ही आकडे सारखे होईपर्यंत एकच नॉब फिरवत राहा. वाजवताना आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास पुरेत. २४ बिटमध्ये नॉबभोवतीचं कडं लाल होईपर्यंत ताणण्यात काही मिळत नाही.

गिटार थेट लावताना 'इन्स्ट' हवंच. त्याने इनपुटचा इंपीडन्स (विद्युत अडथळा) ६० किलोओमवरून १.५ मेगाओमवर जातो. नाहीतर तारांची चमक मरते. कंडेन्सर माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दोन्ही इनपुटना एकच, पण तो दाब फक्त एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या जोडणीच्या) पिनांवर जातो. एका बाजूला कंडेन्सर आणि दुसऱ्या बाजूला एक्सएलआर केबलने साधा डायनॅमिक माइक असेल तरी चालतं; जुना रिबन माइक मात्र लावू नका. माइकसाठी गेनचा पल्ला ५६ डेसिबल आहे. कंडेन्सरला तो पुरून उरतो. शुअर एसएम७बी या डायनॅमिक माइकला किमान ६० लागतात, त्यामुळे हळू बोलणाऱ्याला मध्ये बूस्टर (आवाज आधीच वाढवणारं छोटं उपकरण) लावावाच लागेल.

डायरेक्ट मॉनिटर (आत येणारा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकवणारं) हे यातलं सर्वांत उपयोगी बटण: बंद, मोनो, स्टिरिओ. गाताना मोनो ठेवा, आवाज दोन्ही कानांत येईल, किबोर्डला स्टिरिओ. ते चालू असताना रीपरच्या ट्रॅकवरचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. आणि हे बटण फक्त ऐकण्यापुरतं आहे. हेडफोनमध्ये मोनो छान वाटत असतानाही ट्रॅक स्टिरिओच राहिला असेल, तर रेकॉर्डिंग डाव्या कानातच सापडेल.